ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस तोंडावर आला की ताकदवान गाड्या चालवणाऱ्या वाचकांची पत्रं वाढतात. त्यातली बरीचशी एकाच बटणाबद्दल असतात, रेस देताना चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलच्या. त्या बटणावर गाडीचं चित्र असतं आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. यावेळी अशी पाच पत्रं घेतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ आहे. पावसात दादर टीटीचा सिग्नल सुटल्यावर जरा जोरात रेस दिली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी क्षणभर मंदावते. मित्र म्हणतात, ट्रॅक्शन कंट्रोल बंद कर, गाडी मोकळी पळेल. करू का? – एक वाचक, दादर

उत्तर : नको. पावसात तर मुळीच नको.

दिवा लुकलुकला याचा अर्थ पुढच्या चाकांपैकी निदान एक चाक पकड सोडून जागच्या जागी फिरायला लागलं होतं. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो, ट्रॅक्शन कंट्रोल त्याचंच ऐकतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच जोरात फिरतंय असं दिसलं की ते इंजिनाचा जोर कमी करतं आणि गरज पडली तर त्या एकट्या चाकाला ब्रेक लावतं. तुम्हाला गाडी मंदावल्यासारखी वाटते ती यामुळे. तुमच्या गाडीचा ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो आणि गाडी वळवण्याचं कामही त्याच दोन चाकांकडे आहे. सिस्टिम बंद केलीत तर चाकं जास्त फिरतील, आवाज जास्त येईल, गाडी मात्र पूर्वीपेक्षा सावकाश पुढे सरकेल. त्यात स्टिअरिंग थोडं वळलेलं असेल तर ती वळायचं सोडून सरळच जाईल.

टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. तोच पैसा वेग वाढवायला, ब्रेक मारायला आणि वळायला वापरायचा असतो. सगळा रेस देण्यात उडवला तर वळायला काही उरत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल खर्चावर लक्ष ठेवतं, पगार वाढवत नाही. हे एकदा पटलं की या बटणाबद्दलचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

मुंबईच्या रस्त्यावर हा पगार दर पन्नास फुटांवर बदलतो. जूनच्या पहिल्या सरींत डांबरावर साचलेलं तेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ यांचा चिकट थर वर येतो. तेव्हाचा रस्ता जुलैच्या धुवांधार पावसातल्या रस्त्यापेक्षाही निसरडा असतो. शिवाय झेब्रा क्रॉसिंगचा रंग, फ्लायओव्हरच्या सांध्यांवरचं लोखंड, मेट्रोच्या कामासाठी अंथरलेल्या पोलादी प्लेटा, पेव्हर ब्लॉक हे सगळं आहेच. एक चाक डांबरावर आणि दुसरं प्लेटवर, अशी स्थिती सिग्नलपाशी रोज येते. माणसाच्या पायाला ते कळेपर्यंत चाक फिरून मोकळं झालेलं असतं.

दिवा वारंवार लुकलुकत असेल तर पाय हलका करा आणि टायर तपासा. टायरच्या खाचांमध्ये जे उंचवटे दिसतात ते १.६ मिलिमीटरची खूण असतात. रबर झिजून तिथवर आलं की टायर बदलावाच लागतो. माझं मत विचाराल तर मुंबईत पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ठेवू नये. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागली, तर पाणी बाजूला सारणाऱ्या त्या खाचाच कामाला येतात. तिथे कोणतंही बटण उपयोगी पडत नाही.

प्रश्न : बीएमडब्ल्यू झेड फोर एम४०आय घेतली आहे. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे करायचा, म्हणजे रेसच्या बंद ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा विचार आहे. डीएससीचं बटण एकदा दाबलं तर वेगळा संदेश येतो आणि दाबून धरलं तर वेगळा. फरक काय? ट्रॅकवर पूर्ण बंद करावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण गाडी बाहेर काढायच्या आधी विचारलात.

आधी दोन यंत्रणा वेगळ्या करून घेऊ. ट्रॅक्शन कंट्रोल चाक जागच्या जागी फिरू देत नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या भाषेत डीएससी, त्याच्या पुढचं काम करतं. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय यांचा मेळ घालतं, आणि तो बसला नाही तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी मार्गावर आणतं. बॉशने मर्सिडीजसोबत १९९५ मध्ये ही यंत्रणा रस्त्यावर आणली. दोनच वर्षांनी मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ती सरसकट बसवली.

तुमच्या गाडीत बटण थोडंसं दाबलं की डीटीसी ही मधली, सैल पायरी चालू होते. मागची चाकं थोडी फिरू दिली जातात, शेपूट थोडी हलू दिली जाते, पण गाडी हाताबाहेर जायला लागली की यंत्रणा मध्ये पडते. दाबून धरलं की डीएससी बंद होतं आणि मग ३४० अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर आणि तुमचा उजवा पाय एवढंच उरतं. एबीएस मात्र चालूच राहतं. इतर कंपन्यांचं गणित वेगळं असू शकतं. फोर्ड मस्टॅंगमध्ये एकदा दाबल्यावर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं आणि काही सेकंद धरून ठेवल्यावर स्टॅबिलिटीही जाते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत ‘ईएससी स्पोर्ट’ (ईएससी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोलच) नावाची मधली पायरी मेन्यूत लपलेली असते. मॅन्युअलमधलं ते एक पान ट्रॅकला जायच्या आधी वाचाच.

ट्रॅकवर पहिलं सत्र सगळं चालू ठेवून करा आणि दिव्याकडे शिक्षक म्हणून बघा. कोणत्या वळणावर तो लुकलुकतो हे लक्षात ठेवा. तिथे तुम्ही रेस लवकर देताय, एकदम देताय किंवा स्टिअरिंग सरळ व्हायच्या आधी देताय. पुढच्या फेऱ्यांमध्ये वेग न घटवता तो दिवा शांत ठेवायचा प्रयत्न करा. एक पूर्ण फेरी दिवा न लागता निघाली, आणि तीही वेळ न गमावता, की डीटीसीवर जा. माझ्या मते बहुतेक चालकांनी, मोठ्या हौशीनं ट्रॅकवर जाणाऱ्यांनीही, इथेच थांबावं. गाडीची खरी मजा या पायरीवर येते.

ट्रॅकवर चालकाला सैल पायरी का लागते, तेही सांगतो. कोरड्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना मागची चाकं किंचित फिरणं सगळ्यात वेगवान असतं, आणि रोजच्या रस्त्यासाठी बसवलेली सेटिंग तेवढंही चालू देत नाही. ती सारखी इंजिन दाबते. शिवाय सारखे छोटे छोटे ब्रेक लागून मागचे ब्रेक तापतात आणि पॅड लवकर झिजतात. पूर्ण बंद करायचंच असेल तर शेजारी प्रशिक्षक हवा, ट्रॅक कोरडा हवा, बाजूला मोकळी जागा हवी आणि वळण संथ हवं. रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येणाऱ्या गाडीची शेपूट सुटली की घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा मोह होतो. तसं केलं की वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. पाय हळूहळू उचलायचा, नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची आणि हात तिकडे वळवायचे. हे वाचून येत नाही, मोकळ्या मैदानावर घोटूनच येतं.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी उभी करायच्या जागेत, परतलात की बटण पुन्हा दाबा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून सुरू केलं की यंत्रणा आपोआप चालू होते, पण दमलेला माणूस इंजिन बंद न करता गेटबाहेर पडतो.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. जुनी स्पोर्ट्स कूपे घेतलीय. मित्रांबरोबर रात्री कोस्टल रोडवर जातो आणि सांगतो, ‘आई, फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर ट्रॅक्शन कंट्रोल वापरत नाहीत, बंद केल्याशिवाय गाडी शिकता येत नाही.’ मला यातलं काही कळत नाही. तो बरोबर आहे का? – एक आई, विलेपार्ले

उत्तर : ताई, अर्धं बरोबर आहे आणि तेच अर्धं त्याला फसवतंय.

फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, हे खरं. पण त्याआधी २००१ ते २००७ या काळात ते वापरायला परवानगी होती आणि संघांनी ते आवडीने वापरलं. त्याने गाडी जास्त वेगाने जाते म्हणून. बंदी आली ती चालकाचं कौशल्य पुन्हा दिसावं म्हणून. आणि ते चालक बंद ट्रॅकवर चालवतात. तिथे समोरून कुणी येत नाही, पुलाच्या कडेला कुणी बंद पडलेल्या टॅक्सीशेजारी उभं नसतं आणि घसरलेली गाडी थांबायला मोकळी जागा सोडलेली असते. कोस्टल रोडच्या बोगद्यात गाडी घसरली तर भिंत आहे. तिथे वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, बाहेरच्या सरळ रस्त्यावर ८०. या वेगांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद केल्याने शिकण्यासारखं काही मिळत नाही. म्हणजे शिकायचं तर मर्यादा मोडावी लागणार. ती मोडून मिळालेला अनुभव मला शिक्षण वाटत नाही.

त्याला कायद्याची बाजूही शांतपणे सांगा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग त्याच्यासमोर वाचा. तिथे शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

आणि एक विनंती. त्याची आवड तोडू नका. गाडी समजून घ्यायची इच्छा चांगली आहे, जागा चुकीची आहे. कार्टिंगपासून, म्हणजे ट्रॅकवर छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवण्यापासून, सुरुवात करू द्या. कार्टमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नसतंच, वेग बेताचा असतो आणि मागची चाकं सुटणं, सावरणं हे सगळं अंगाला कळतं. कोल्हापूरला चांगला ट्रॅक आहे, चेन्नई आणि कोइम्बतूरला रेसिंगच्या शाळा चालतात. गाडीत चार उत्तम टायर घालायला पैसे लागत असतील तर तेवढी मदत करा. मोठा आवाज करणाऱ्या एक्झॉस्टला मात्र देऊ नका.

प्रश्न : कर्जतजवळच्या शेतघराच्या वाटेवर चिखलात गाडी रुतली. रेस दिली तरी इंजिन घरघरतच नव्हतं, जणू ताकदच गेली. बिघाड आहे का? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : बिघाड नाही. बटण बंद करण्याची ही एक खरीखुरी वेळ आहे. चाकं चिखलात फिरतात म्हणून यंत्रणा इंजिन दाबून धरते आणि गाडी हलत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, चाकं सरळ ठेवा, अगदी थोडी रेस देऊन पुढे-मागे झुलवत काढा. चाकाखाली गोणपाट किंवा पायातलं मॅट घाला. चाकं खणत खाली जायला लागली तर लगेच थांबा आणि ट्रॅक्टर बोलवा, नाहीतर बंपर तुटेल. पक्क्या रस्त्यावर आलात की बटण पुन्हा चालू करा.

प्रश्न : दिवा लुकलुकत नाही, सतत पेटलेला आहे. बॅटरी आणि पुढचे दोन टायर नुकतेच बदलले. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : सतत पेटलेला दिवा म्हणजे यंत्रणा बंद आहे किंवा तिला दोष सापडलाय. बॅटरी काढल्यावर अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर आपली जागा विसरतो. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं अंतर सरळ चालवा. बरेचदा दिवा जातो. नाही गेला तर चारही टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. पुढचे आणि मागचे वेगळ्या घेराचे झाले किंवा छोटी स्टेपनी लावून गाडी फिरवली, तर चाकांच्या वेगांचा हिशेब जुळत नाही. तेही बरोबर असेल तर चाकाजवळची वायर उंदराने कुरतडलीय का बघायला सांगा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, तेव्हा हे फार होतं. एबीएसचा दिवाही सोबत पेटला असेल तर वाट बघू नका. गाडी सावकाश चालवत थेट गॅरेजला न्या, आणि तोवर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.