एकाच रानाचे दोन रिपोर्ट का आले?

प्रश्न (शिरोळ तालुका) : उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक) मोडून नवी लागण करायची आहे. माती दोन ठिकाणी तपासली. एका रिपोर्टात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, दुसऱ्यात कमी. सामू (पीएच) दोन्हीकडे 8.3. दुकानदार म्हणतात, जमीन चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) झाली, एकरी वीस पोती जिप्सम टाका. टाकू का?

उत्तर : नका टाकू.

आपल्या काळ्या रानात 8.3 सामू नुसत्या चुनखडीनेही येतो. जमीन चोपण आहे की नाही, हे मातीला चिकटलेल्या सोडियमवरून ठरतं. तो 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या पुढे गेला, तरच जिप्समचा विचार. किती टाकायचं तेही 'जिप्समची गरज' तपासून लॅबच सांगते, दुकानदार नाही. चुनखडीचा सामू जिप्समने उतरत नाही. जमीन खारवट असेल तर आधी निचऱ्याचे चर काढा.

आता स्फुरद. खोडव्याला पहारीने भोक पाडून खत दिलं होतं ना? स्फुरद टाकल्या जागेवरून फारसा हलत नाही. नमुन्याचं खुरपं त्या भोकावर पडलं की रिपोर्टात स्फुरद भरपूर, वीतभर बाजूला पडलं की कमी. अशा वेळी लॅबला बोल लावू नका, नमुना चुकलेला असतो. मागच्या हंगामात एकांनी डीएपीच्या पोत्यातून माती आणली. पोतं झटकलं तर शिवणीतून खताचे दाणे मातीत पडले. तो नमुना मी पुढे पाठवलाच नाही.

खत दिल्यापासून तीन महिने नमुना घेऊ नका. ऊस तुटल्यावर, नव्या लागणीचं खत पडण्याआधी घ्या. खत पडलं असेल तर थांबा, दुकानदार कितीही घाई करू दे. बांध, उकिरडा, झाडाची सावली, पाणथळ जागा सोडून नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि कडेची माती काढा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. जस्त, लोह तपासायचं असेल तर जस्ती बादली आणि गंजकं खुरपं नको.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक मिळतात, कृषी सहायकांना भेटा. पण जुन्या पत्रिकेवर विसंबू नका. तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना घ्यायचे, तो शेजाऱ्याच्या रानातलाही असू शकतो.

आणि पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवू नका! कर्ब धुरात जातो, राखेची माती नमुन्यात आली तर पालाशचा (पोटॅशचा) आकडाही फुगतो. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून सरीत दाबा. जिप्समच्या पैशात हे होऊन वर उरतील. मात्र आधी नमुना, मग हे खत.

तिसरा रिपोर्ट आला की सामू, क्षारता, कर्ब आणि सोडियम हे चार आकडे घेऊन कार्यालयात या. तोवर दुकानात एकाही पोत्याचा ॲडव्हान्स देऊ नका.