कट वाकडा जातो? चेनआधी पट्टी तपासा

प्रश्न : बांधावरच्या बाभळी तोडायला १६ इंची पट्टीचा (पट्टी म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ते लांब पातं) पेट्रोल चेनसॉ वापरतो. कट उजवीकडे वळायला लागला म्हणून नवी चेन टाकली, तरी तेच. पट्टीची कड टोकाशी निळी पडली आहे. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं ऑइल घालतो. पुन्हा चेन बदलू का?
– एक शेतकरी, ता. यावल

उत्तर : नको, पैसे वाया जातील. नव्या चेनचे डावे-उजवे दात सारखेच असतात. तरी कट वळतो, म्हणजे खोट बहुतेक पट्टीत आहे. पट्टीच्या ज्या खाचेत चेन चालते तिची एक कड जास्त झिजली किंवा खाच रुंदावली की चेन एका अंगाला कलते आणि कट गोलाईत जातो.

मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला. चेन ताणलेलीच ठेवून स्टीलची स्केल दाताच्या बाजूला आणि पट्टीच्या अंगाला टेकवा. मधे थोडी फट दिसायला हवी. स्केल पट्टीला सपाट चिकटली तर चेन कललेली आहे. दोन्ही बाजूंनी बघा.

मग पट्टी काढा. खाचेत भुसा, ऑइल आणि काळ्या मातीचा घट्ट लगदा बसलेला असतो. तो हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडा आणि ऑइलच्या भोकातून बारीक तार फिरवा. कडेबाहेर आलेली धार चपट्या कानशीने काढा. आता पट्टी काचेवर कडेवर उभी धरा. कलली तर कानस काटकोनात धरून उंच कड खाली आणा. चेनचे खाचेत बसणारे खालचे दात तिच्या तळाला टेकत असतील तर मात्र घासत बसू नका, पट्टी बदला.

निळा रंग म्हणजे पट्टी तापली, ऑइल पोचलं नाही. जळक्या ऑइलमध्ये लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो पंप आणि खाच दोन्ही खातो. शिवाय ते चेनला चिकटून राहत नाही, टोकाकडे फेकलं जातं. चेनचंच ऑइल घ्या. पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर, न टेकवता, धरून मशीन अर्ध्या रेसवर चालवा. कागदावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

दर वेळी धार लावताना पट्टी उलटी बसवा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाच पडली असेल तर तेही बदला, नाहीतर नवी चेनही लवकर खराब होते.

प्रश्न : दुपारच्या उन्हात चेन लोंबते, संध्याकाळी जाम होते. असं का?
– वाचक, शिरपूर

उत्तर : तापली की चेन लांबते. पट्टीखाली लोंबू लागली की मशीन बंद करून ताण द्या, पण काम संपल्यावर तो सैल करायला विसरू नका. थंड होताना चेन आखडते आणि इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर जोर येतो. ताण बरोबर असेल तर चेन खालून पट्टीला लागून बसते आणि हाताने ओढल्यावर मोकळी फिरते. हे थंड मशीनवरच तपासा.