चायना ग्रास, संत्र्याचा रस आणि फसलेली जेली

प्रश्न : इतवारीतून चायना ग्रासच्या तारा आणल्या. अर्धा लिटर संत्र्याच्या रसात 5 ग्रॅम तारा घालून चांगलं दहा मिनिटं उकळलं. तरी जेली धरलीच नाही, नुसता पातळ लगदा झाला. माल भेसळीचा असेल का? आणि हे शाकाहारी असतं ना? (वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मालाला दोष देऊ नका, प्रमाणही बरोबर होतं. रस उकळला, तिथेच बिघडलं. चायना ग्रास म्हणजे अगर. जेलिडियम, ग्रासिलेरिया या लाल समुद्रशेवाळांच्या पेशीभित्तिकेत ते असतं. म्हणजे पूर्ण शाकाहारी. गॅलॅक्टोज साखरेच्या लांब साखळ्या थंड होताना एकमेकींत गुंतून पाणी धरून ठेवतात. आंबट रसात उकळल्या की त्या तुटतात, आणि तुकड्यांना पाणी धरता येत नाही.

आता असं करा. तारा कापून 200 मिली साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. चमचाभर द्रावण उजेडात धरा. पारदर्शक धागे दिसले, तर अजून शिजू द्या. मग साखर घाला आणि गॅस बंद करा. 300 मिली गाळलेला, कोमट केलेला रस शेवटी मिसळा. फ्रिजमधला रस ओतलात तर गाठी होणारच, कारण अगर 35 ते 40 अंशांनाच गोठतं. साच्यात ओतल्यावर भांडं हलवू नका. फसली तर पुन्हा उकळायचा मोह टाळा, आता आत आंबट आहे.

एकदा धरलेली ही जेली 85 अंशांपर्यंत वितळत नाही. प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेलं जिलेटिन नागपूरच्या मे महिन्यात ताटलीतच पाणी होतं. जंतू वाढवण्याच्या बशांतही हीच अडचण होती. 1882 च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत, तिथल्या एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून जिलेटिनऐवजी अगर आलं. मात्र तोंडातही ते वितळत नाही, म्हणून 1 टक्क्याच्या वर गेलात तर रबर चघळाल.

प्रश्न : शेवाळ लाल, मग तारा पांढऱ्या कशा? (तोच वाचक)

उत्तर : लाल रंग फायकोएरिथ्रिन या प्रथिनाचा. ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने मोडतं. अगर काढताना धुऊन, उकळून निघून जातं.

प्रश्न : चॉकलेट दुधाच्या डब्यावर 407 लिहिलंय, ते काय? (वाचक, महाल)

उत्तर : तो कॅरागीनन या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचा क्रमांक, तेही लाल शेवाळातलंच. दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरतं, त्यामुळे लिटरला जेमतेम पाव ग्रॅममध्ये कोको तळाशी बसत नाही. त्याचं कप्पाफायकस शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात.