बुटांचे नंबर ७, ७.५, ८ असे असतात. दशांश चिन्ह आहे, मग ही सामग्री (गोळा केलेली आकडेवारी) अखंडित, म्हणजे सलग, का नाही?

बुटांचा नंबर ही खंडितच सामग्री आहे, कारण ७ आणि ७.५ यांच्या मधला ७.२ नंबर दुकानात मिळतच नाही. दशांश दिसला की अखंडित, ही खूण मुलं पाठ करतात आणि इथेच फसतात. खरी कसोटी एकच: कोणत्याही दोन किमतींच्या (म्हणजे सामग्रीतल्या आकड्यांच्या) मध्ये आणखी एखादी किंमत शक्य आहे का? असेल तर अखंडित, नसेल तर खंडित. पावलाची लांबी २४.३ सेंमी असू शकते, २४.४ असू शकते, आणि बारीक खुणांची पट्टी घेतली तर २४.३७ सुद्धा. म्हणून लांबी अखंडित, पण त्याच पावलाच्या बुटाचा नंबर खंडित. वर्गातली मुलं, क्रिकेटमधल्या धावा मोजायच्या, म्हणजे खंडित. वजन, तापमान, वेळ मापायची, म्हणजे बहुधा अखंडित. आलेखातही हा फरक दिसतो: खंडित सामग्रीच्या स्तंभालेखात स्तंभांमध्ये मोकळी जागा सोडतात, अखंडित सामग्रीच्या आयतालेखात आयत एकमेकांना चिकटलेले असतात.

वयाचं मात्र जपून. वय सतत वाढतं, म्हणून मुळात अखंडित. पण हजेरीपटावरून ‘पूर्ण झालेली वर्षं’ लिहून घेतली तर हाती आलेले आकडे १२, १३ असे खंडित असतात. परीक्षेत प्रश्नाची भाषा नीट वाचा.