‘राटहाउस’ला ‘टाऊन हॉल’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या ब्रेमेन शहरावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘राटहाउस’ला, म्हणजे शहराच्या कारभारी सभेच्या इमारतीला, ‘टाऊन हॉल’ लिहिलं तर चालेल का?

मी तसं लिहिणार नाही. मराठीत टाऊन हॉल म्हटलं की सभा-समारंभाची जागा डोळ्यांपुढे येते. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये (१८३३) एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. महापालिकेचा कारभार बोरीबंदरसमोरच्या, १८९३च्या वेगळ्या इमारतीतून चालतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये तर वस्तुसंग्रहालय आहे.

‘राट’ म्हणजे सल्ला, मसलत, आणि मसलत करणारी सभासुद्धा. ‘हाउस’ म्हणजे घर. ब्रेमेनच्या सभेने ही वास्तू १४०५ ते १४१० मध्ये बांधली, तीही आर्चबिशपच्या, म्हणजे तिथल्या मुख्य ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या, सत्तेला आव्हान म्हणून. खालच्या दालनात बाजार भरे, वरच्या दालनात सभा बसे आणि न्यायनिवाडाही होई. हे वरचं दालन सुमारे ४० मीटर लांब आहे, मध्ये एकही खांब नाही. तुळयांच्या छताला जहाजांच्या मोठ्या प्रतिकृती टांगल्या आहेत, छोट्या तोफांसकट. शहराची सत्ता कोणाच्या हाती होती, ते त्यावरूनच कळतं: व्यापाऱ्यांच्या.

कामाच्या दृष्टीने आपली ‘चावडी’ सर्वांत जवळची: वसुली, तंटे, दवंडी सगळं तिथेच. पण चावडीला गाव आणि पाटील चिकटलेले आहेत. ‘सदर’ राजाची किंवा किल्लेदाराची. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘राटहाउस, म्हणजे नगरसभेची वास्तू’ असं लिहावं आणि पुढे नुसतं ‘राटहाउस’. सभेतल्या माणसांना ‘नगरसेवक’ मात्र मुळीच म्हणू नये. त्यांना सर्व नागरिकांनी मतं देऊन निवडलेलं नसे. ‘सभासद’ पुरे.

आणखी एक चूक हमखास होते, ती म्हणजे चौकातून दिसणाऱ्या दर्शनी भागाला सरसकट ‘गॉथिक’, म्हणजे मध्ययुगीन शैलीतला, म्हणणं. सम्राट आणि सात इलेक्टर (सम्राटाची निवड करणारे सत्ताधीश) यांच्या पुतळ्यांची योजना मूळ बांधणीतली, पण आजचं दर्शनी रूप सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रेनेसाँ शैलीतलं आहे. तिथल्या कमानींच्या रांगेला ‘ओवरी’ हा शब्द छान बसतो.

राटहाउसखालच्या ‘राट्सकेलर’चं नुसतं ‘तळघर’ करू नये. ते सभेच्या मालकीचं वाइनचं कोठार. १६५३ सालच्या वाइनचं पिंप तिथे आजही आहे. ‘सभेचं वाइनघर’ म्हटलं की अर्थ पोचतो.