गाऊट: जनुकांचा वाटा किती, ताटाचा किती?

प्रश्न : वडिलांना आणि काकांना गाऊट आहे. माझं वय 38, युरिक ॲसिड 7.9, पण सांधा कधी दुखला नाही. तूरडाळ, पालक बंद केलंय. गोळी सुरू करू का?

नुसत्या आकड्यासाठी युरिक ॲसिड उतरवणारी गोळी (बहुधा अलोप्युरिनॉल) सुरू करत नाहीत. रक्तात युरिक ॲसिड दर डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की सांध्यात त्याचे स्फटिक बनू शकतात. त्यांनी सांधा सुजून दुखतो, तो गाऊट. तरी अनेकांना तो कधीच होत नाही. डाळ-पालक खुशाल खा, त्यांनी धोका वाढलेला दिसलेला नाही. वाढतो तो बिअर, मटण, कलेजी, तारल्या आणि गोड शीतपेयांनी. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही युरिक ॲसिड चढतं.

प्रश्न : मी ऑकलंडला नर्स आहे. माओरी आणि सामोआ-टोंगाच्या लोकांत गाऊट इतका का? सहकारी म्हणतात, खाण्यापिण्यामुळे.

हा आरोप रुग्णांवर अन्याय करणारा आहे. न्यूझीलंडमध्ये इतरांच्या मानाने माओरींत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांत, गाऊट सुमारे दुप्पट, पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत तिप्पट आढळतो. पण बहुतेक रुग्णांत खरी अडचण युरिक ॲसिड बाहेर टाकण्याची असते. किडनी गाळलेल्यातलं सुमारे 90 टक्के परत रक्तात घेते. त्या वाटेवरचं एक दार एसएलसी2ए9 या जनुकाचं. एबीसीजी2 या दुसऱ्या जनुकाचा पंप उलटा, युरिक ॲसिड आतड्यात आणि लघवीत ढकलणारा. डीएनएतलं एकच अक्षर बदलून या पंपाच्या प्रथिनात 141व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी लायसिन आलं, की त्याची ताकद जवळपास निम्मी होते.

2010च्या एका अभ्यासात या बदलाचा गाऊटशी ठळक संबंध सामोआ-टोंगाकडच्या लोकांत दिसला, माओरींत मात्र नाही. म्हणून माओरी, सामोअन, टोंगन हे सगळे पॉलिनेशियन असले तरी सगळ्यांवर 'पॉलिनेशियन जनुक' असा एकच शिक्का मारू नका.

आहाराबद्दल सांगायचं तर, 2018मध्ये युरोपीय वंशाच्या 16,760 अमेरिकनांच्या माहितीत माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी सुमारे 24 टक्के फरक जनुकांशी जोडता आला, आहारपद्धतीशी फार तर 0.3 टक्के. हे आकडे एका गटाच्या आतल्या फरकाचे आहेत. दोन समाजांमधली तफावत त्यांनी मोजू नये.

तुमच्या हातात आहे ते असं: गोळी दर महिन्याला घेतली जाते का, ते पाहा. माओरी आणि पॅसिफिक रुग्णांना ती नियमित मिळण्याचं प्रमाण कमी आहे. लक्ष्य 6 मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे तुमच्याकडच्या रिपोर्टात दर लिटरला 0.36 मिलिमोलच्या खाली.

प्रश्न : जनुक-चाचणीने गाऊट होणार की नाही ते कळेल?

नाही. साधी युरिक ॲसिडची तपासणी जास्त उपयोगी.

प्रश्न : मग अलोप्युरिनॉलच्या आधी चाचणी करतात, ती कसली?

ती गाऊटच्या जनुकांची नाही. एचएलए-बी 58:01 हा जनुकप्रकार असलेल्यांना या औषधाने त्वचा सोलवटण्याची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. 2005मध्ये तैवानच्या हान चिनी रुग्णांत हा संबंध उघड झाला. अमेरिकेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकी-अमेरिकन रुग्णांना चाचणी सुचवतात.

अलोप्युरिनॉलचा सुरुवातीचा डोस रोज 100 मिलिग्रॅम किंवा कमी, किडनी अशक्त असेल तर आणखी कमी, आणि दर काही आठवड्यांनी वाढवत न्यायचा. सुरुवातीला स्फटिक विरघळताना सांधा पुन्हा सुजतो आणि लोक घाबरून गोळी सोडतात. सोडू नका, त्यासाठीच पहिले 3 ते 6 महिने डॉक्टर सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन हे सूज रोखणारं औषध देतात. मात्र अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर गोळी त्याच क्षणी थांबवून थेट हॉस्पिटल गाठा.