रात्रीचं शूट दिवसा उरका : भयपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात भुताची शॉर्टफिल्म करायला निघालेल्या गटांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. गोष्ट रात्री घडते, मग शूटही रात्रीच, असं जवळजवळ सगळ्यांनीच धरून चाललं आहे. निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : पटकथा १२ पानांची आहे. लोकेशन म्हणजे मित्राच्या आजोळचं, राजापूरजवळचं कौलारू घर. शॉट डिव्हिजन केल्यावर ७० शॉट झाले. सलग दोन रात्रींत संपेल का? (मास मीडिया, दुसरं वर्ष, रत्नागिरी)

नाही संपणार. हिशेब मांडून बघा. डिसेंबरात कोकणात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे कागदावर तेरा तास मिळतात. पण पाचला कॉलटाइम (सगळ्यांनी हजर व्हायची वेळ) दिलात तरी पहिला शॉट सातला लागतो. दहाला जेवण, त्यात एक तास जातो. पहाटे तीननंतर कुणाचंच डोकं चालत नाही. फोकस चुकतो, कंटिन्युटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ) हुकते, वाद होतात. उरले सात तास, म्हणजे ४२० मिनिटं. लाइटिंग पूर्ण बदलायचं तर नवख्या गटाला ३५ मिनिटं लागतात. तेच लाइटिंग ठेवून फक्त कॅमेरा हलवायचा असेल तर १४ मिनिटं धरा. रात्रीत पाच वेळा लाइटिंग बदललं तर त्यातच १७५ मिनिटं जातात, उरलेल्या वेळात सतरा-अठरा शॉट होतात. प्रत्येक नव्या लाइटिंगचा पहिला शॉट, असे पाच धरून एकूण बावीस-तेवीस. दोन रात्रींचे ४५. तुमचे २५ शॉट बाहेर राहिले, आणि ते नेमके शेवटच्या प्रसंगातले असतील.

म्हणून घरातले सगळे शॉट वेगळे काढा आणि दिवसा घ्या. खिडक्या-दारं काळी करायला कापडापेक्षा शेतीच्या दुकानात मिळणारा काळा मल्चिंग पेपर किंवा जाड ताडपत्री बरी. ती चौकटीला चिकटवू नका. खिडकीच्या बाहेर बांबू रोवून भिंतीपासून तीन-चार फुटांवर तंबूसारखी लावा. त्या मधल्या जागेत लाइट ठेवला की खिडकीतून चांदणं आत येतं, तेही दुपारी दोन वाजता. कौलारू घरात खरा घोटाळा छपरात होतो. कौलांच्या फटींतून आणि काचेच्या कौलातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात, आणि घाईत ते कुणाच्याही लक्षात येत नाहीत. छपरावर चढू नका, कौलं फुटतील. आतून, वाशांच्या खाली कापड ताणा. मग सगळे दिवे घालवून पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की प्रत्येक फट दिसते. बंद खोलीत दहा माणसं आणि लाइट म्हणजे भट्टी होते, तेव्हा पाऊण तासाने दारं उघडून हवा खेळू द्या.

शॉटचा क्रम पटकथेप्रमाणे लावू नका, उजेडाच्या दिशेप्रमाणे लावा. खिडकीकडे तोंड करून जेवढे शॉट आहेत तेवढे, मग ते कुठल्याही सीनमधले असोत, एका दमात घ्या. मग कॅमेरा फिरवा आणि उलट बाजूचे घ्या. भुताच्या मेकअपला दीड तास लागत असेल तर तेवढा वेळ कॅमेऱ्याने रिकामा काढायचा नाही. त्या वेळात नायिकेचे एकटीचे शॉट आणि वस्तूंचे इन्सर्ट (जवळून घेतलेले छोटे शॉट) संपवा.

रात्रीसाठी ठेवा फक्त अंगण, विहीर आणि पाणंद.

प्रश्न : मागच्या फिल्ममध्ये रात्रीचे शॉट कॅमेऱ्यात छान दिसत होते. एडिटला बसल्यावर सगळं काळंकुट्ट आणि दाणेदार निघालं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० होता, लेन्स ५० एमएम एफ १.८. चुकलं काय? (कोल्हापूर)

तीन गोष्टी चुकल्या असणार.

पहिली, तुम्ही स्क्रीनवर विश्वास ठेवलात. अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासतो. रात्री एक्स्पोजर हिस्टोग्रामवर (फ्रेममधल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठरवायचं, किंवा कॅमेऱ्यात असेल तर फॉल्स कलरवर (उजेडाप्रमाणे वेगवेगळे रंग दाखवणारी सोय). स्क्रीनची ब्राइटनेस खाली आणून ठेवली की फसगत थोडी कमी होते.

दुसरी, अंधार दाखवायचा म्हणून तुम्ही उजेड कमी केलात. सेन्सरला अंधार कळत नाही, तो नुसता नॉइज (चित्रातले दाणे) देतो. दिसायला हवं त्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ शूट करा आणि ग्रेडिंगमध्ये (एडिटनंतर रंग-उजेड बसवताना) खाली ओढा. नॉइज त्याबरोबर काळ्यात बुडतो. खालून वर ओढलंत तर तोच नॉइज पडद्यावर नाचतो. आठ बिटच्या कॅमेऱ्यावर रात्री लॉग प्रोफाइल (ग्रेडिंगसाठी मुद्दाम फिकं चित्र देणारं सेटिंग) वापरू नका. चुन्याच्या भिंतीवर पट्टे उमटतात आणि ते नंतर जात नाहीत.

तिसरी चूक, लाइट समोरून मारलात. चांदणं नेहमी मागून आणि वरून आणा. माणसाच्या केसांना, खांद्याला एक बारीक कड मिळाली की चेहरा जवळजवळ काळा असला तरी चालतो. ५६०० केल्व्हिनचा एलईडी आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४२०० च्या आसपास ठेवला तर चांदणं हलकं निळं येतं, कंदील आणि पिवळा बल्ब आपोआप उबदार दिसतो. लाइटवर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून गडद निळं केलंत की जुन्या मालिकांसारखं दिसतं. चेहऱ्यावर थर्मोकोलच्या पांढऱ्या शीटवरून उसळलेला थोडासा उजेड पुरे. प्रत्येक फ्रेममध्ये एक तरी लहानशी उजळ जागा ठेवा: दाराची फट, देव्हाऱ्यातली समई, ओल्या फरशीवरची चकाकी. तुलनेला पांढरं काही नसेल तर काळं हे काळं वाटतच नाही, राखाडी वाटतं. म्हणूनच अंगणात शॉटआधी बादलीभर पाणी मारतात.

लाइट लांब न्या. एक मीटरवरचा लाइट दोन मीटरवर नेला की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. त्यामुळे लाइट जवळ असला तर पात्र एक पाऊल चाललं तरी चेहरा भडकतो किंवा विझतो. दहा मीटरवर एक पाऊल मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. अर्थात त्यासाठी दमदार लाइट भाड्याने घ्यावा लागतो, आणि पैसे खर्च करायचेच तर कॅमेऱ्यापेक्षा इथे करा.

तुमच्या लेन्सबद्दल: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ १.८, माणूस दीड मीटरवर, तर फोकसची खोली जेमतेम दहा सेंटिमीटर असते. घाबरून मागे सरकणारी नायिका त्यातून अर्ध्या सेकंदात बाहेर जाते. एफ २.८ वर या, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान होऊन फोकसची खोली वाढते, आणि जमिनीवर तिच्या पावलांना टेपच्या खुणा करा. शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणारं शटर ठेवलं की घरगुती बल्ब लुकलुकू शकतात. स्वस्तातले काही एलईडी कशानेही ऐकत नाहीत, ते रेकीलाच (लोकेशन आधी बघायला जाल तेव्हाच) फोनवर तपासून बाद करा.

आणि वायरिंग बघा. ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅट झेपतात. त्यावर एक-एक हजार वॅटचे दोन हॅलोजन लावलेत तर फ्यूज उडेल. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार बांधून ठेवली असेल, आणि जुन्या घरांत ती असतेच, तर वायर जळेल. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली रीळ तापून वितळते.

प्रश्न : मेकअपचं बजेट १५०० रुपये. पांढरी साडी, मोकळे केस सोडून दुसरं काय करता येईल? (सावंतवाडी)

चकवा करा. रात्री वाटसरूला फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा चकवा तुमच्या गावात सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि त्याला मेकअप लागत नाही. लागते ती एकच फ्रेम पुन्हा पुन्हा हुबेहूब मिळवण्याची शिस्त. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली खुंट्या ठोका, लेन्सची उंची टेपने मोजून लिहून ठेवा, फ्रेमचा फोटो फोनमध्ये ठेवा. माणूस त्याच आंब्याखालून चौथ्यांदा जातो तेव्हा फ्रेममध्ये एकच वस्तू बदललेली असू द्या: पार रिकामा होता, आता तिथे त्याचीच चप्पल आहे. हे शॉट तिन्हीसांजेला घ्या. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटंच असा उजेड मिळतो की आकाश गडद निळं दिसतं आणि झाडाचा आकारही कळतो. एका संध्याकाळी दोन शॉट, चार दिवसांत आठ. तालीम दुपारीच उरका.

प्रश्न : खोटं रक्त घरी कसं करायचं? कुंकू कालवून केलेलं गुलाबी दिसलं. (पुणे)

बाजारातलं कुंकू किंवा शेंदूर तोंडाजवळ अजिबात नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही आणि शेंदरात शिसं असू शकतं. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. २०० ग्रॅम ग्लुकोज ५० मिली कोमट पाण्यात ढवळा. त्यातलंच थोडं पाणी बाजूला घेऊन अर्धा चमचा कोको पावडर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होऊ देता कालवून मिसळा. मग लाल खायचा जेल रंग एक लहान चमचा, आणि शेवटी निळ्याचा एकच थेंब. कोकोमुळे तपकिरी झाक येते, कॉर्नफ्लोअरमुळे ते सरबतासारखं पारदर्शक राहत नाही. वाळलेलं रक्त हवं असेल तर कोको दुप्पट करा.

शूटच्याच लाइटखाली तपासा. निळ्या चांदण्यात लाल रंग काळा दिसतो. तिथे बाटलीभर रक्त ओतलंत तरी प्रेक्षकाला डांबर सांडल्यासारखं वाटेल. रक्ताचा शॉट कंदिलाच्या उजेडात घ्या.

डाग कपड्याचे निघत नाहीत, म्हणून एकाच थानातल्या कापडाचे तीन जोड शिवा: एक स्वच्छ, एक माखलेला, एक राखीव. स्वच्छ कपड्यांतले सगळे शॉट संपल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. त्वचेवर आधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि आदल्या दिवशी मनगटाच्या आत थेंब लावून खाज येते का बघा. शेणाने सारवलेली जमीन आणि चुन्याची भिंत रंग पिऊन टाकतात, तिथे त्याच रंगाचा प्लायवूडचा तुकडा ठेवून त्यावर शिंतोडे उडवा. आणि हो, मुंग्या. साखरेचं रक्त अंगावर घेऊन जमिनीवर पडलेला नट दहा मिनिटांत उठून पळतो. प्रेताचा शॉट आधी पूर्ण लावा, रक्त शेवटी ओता, कट झाल्याबरोबर कोमट पाण्याने पुसा.

प्रश्न : नायिकेची किंकाळी प्रत्येक टेकला फाटली. संवाद मात्र स्वच्छ आहेत. (नाशिक)

संवादाच्या लेव्हलवर किंकाळी घेतलीत. संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास टोक गाठतील असे ठेवतात. किंकाळी त्याच्या कितीतरी वर जाते आणि एकदा क्लिप झालेला (मर्यादेबाहेर जाऊन कापला गेलेला) आवाज दुरुस्त होत नाही. शॉटमध्ये तिला तोंड उघडून अर्ध्या आवाजात ओरडू द्या. खरी किंकाळी दिवसाच्या शेवटी वेगळी रेकॉर्ड करा: गेन (रेकॉर्डिंगची लेव्हल) बराच खाली, माइक तोंडासमोर नाही तर थोडा बाजूला, दोन मीटरवर. तीनच टेक, कारण चौथ्याला घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशीचे संवाद बोंबलतात. ३२ बिट फ्लोटचा (खूप मोठा आवाजही न फाटता टिपणारा) रेकॉर्डर भाड्याने मिळाला तर गेनची चिंता बरीच कमी होते.

प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी भरायला ती लागतेच. रातकिडे संवादाखाली आले तर प्रत्येक कटला उडी मारतात. दिवसा, बंद घरात शूट केलं तर ते नंतर हवे तेवढे घालता येतात. घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून फ्रिज बंद करणाऱ्याने गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे घरी जाताना तो चालू करायचं राहत नाही. हाडं मोडल्याचा आवाज ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गाजरांतून आणि शेवग्याच्या शेंगांतून छान निघतो.

प्रश्न : भूत म्हणजे नऊ वर्षांची मुलगी आणि तिची काळी मांजर. रात्री नदीघाटावर शूट आहे. परवानग्या काय लागतील? (वाई)

मुलीचे शॉट दिवसा, काळ्या केलेल्या खोलीत. बालकलाकारांसाठी २०१७ च्या नियमांत दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आई किंवा वडील सेटवर हवेतच. घाटावरच्या लाँग शॉटमध्ये पाठमोरी, ठेंगणी मोठी मुलगी उभी करा. मागून उजेड असला की फरक कळत नाही. मुलीला खरंच घाबरवून प्रतिक्रिया मिळवायची नाही. तिला मेकअप होताना आरशात सगळं बघू द्या आणि सीन खेळासारखा समजावून सांगा.

घाटासाठी नगरपालिकेला अर्ज करा. जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत असेल तर पुरातत्त्व विभागाचीही परवानगी लागते, आणि ती दोन-चार दिवसांत मिळेल असं धरू नका. पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, एका जबाबदार व्यक्तीचा फोन, आणि 'खोटा कोयता व किंचाळण्याचे प्रसंग आहेत' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र द्या, पोच घेतलेली प्रत सेटवर ठेवा. ते लिहिलं नाही तर रात्री एक वाजता कुणीतरी ११२ ला फोन लावणार हे नक्की. आजूबाजूच्या घरांत आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा.

मांजर काढून टाका. चित्रपटात प्राणी वापरायला अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मिळवूनही मांजर सांगितलेल्या जागी बसत नाही. दुधाची वाटी दाखवा, आधी भरलेली. मग मुलीचा चेहरा, मग रिकामी वाटी. मधला आवाज बशीतलं पाणी बोटाने चपचप करून मिळतो.